मोडलेलें हाड व ऋणी मन

सन २०२३ च्या १६ डिसेंबर रोजीं, नाताळच्या सुटीच्या तोंडावर, आपल्या मैदानावर शिक्षक व दहावीचा वर्ग यांच्यामध्यें जो क्रिकेटचा सामना झाला तो तुमच्यांपैकीं पुष्कळांस आठवत असेल. धांवा कोणी किती काढल्या हें कोणाच्या लक्षांत असेल असें वाटत नाहीं. परंतु सामना कशामुळें मध्येंच थांबला हें सर्वांस ठाऊक आहे. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षीं दुसरी धांव घेण्याचा मोह आम्हांस आवरला नाहीं. उंच उडालेल्या चेंडूकडे पाहत मागें येणारा एक विद्यार्थी व खालीं मान घालून धांवणारे आम्ही यांची गांठ खेळपट्टीच्या मध्यावर पडली. पडतांना मनुष्य स्वभावतःच हात पुढें करितो. आमच्या देहाचा सर्व भार उजव्या तळहातावर आला, आणि वाळलेली काटकी मोडावी तसा आवाज झाला. तो आवाज आमच्याच हाताचा आहे हें समजावयास एक क्षण लागला.

या प्रसंगावर कांहींतरी लिहावें, व तेंहि दुखापत आणि कृतज्ञता या दृष्टीनें लिहावें, अशी वार्षिकाच्या संपादकमंडळाची सूचना आली तेव्हां आम्हीं प्रथम टाळाटाळ केली. वर्गांत कृतज्ञतेविषयीं बोलणें निराळें, आणि हात गळ्यांत बांधून तिच्याविषयीं विचार करणें निराळें. शिवाय या परीक्षेंत आम्ही चांगले उतरलों असें आम्हांस म्हणतां येत नाहीं. तेव्हां जें घडलें तें, आणि त्या निमित्तानें आम्हीं जें वाचलें व शिकलों तें, येथें सांगतों.

जेवणाचा कांटा उपडा ठेवला असतां त्यास जसा बांक दिसतो तसा बांक आमच्या मनगटास आला होता. आंगठ्याच्या बाजूचें हाड मनगटाजवळ मोडून मागें सरकलें म्हणजे हात असा दिसतो. या मोडीस कॉलिसची मोड म्हणतात. डब्लिन येथील शस्त्रवैद्य अब्राहम कॉलिस यांनीं तिचें वर्णन १८१४ सालीं प्रसिद्ध केलें. त्या वेळीं शरीराच्या आंतील हाड पाहण्याचें कोणतेंहि साधन नव्हतें. जमलेल्यांपैकीं एका प्रौढ गृहस्थांनीं, हात धरून ओढावा म्हणजे आपोआप सरळ होईल, असें सुचविलें. मुलांनो, असें कधींहि करूं नका व कोणास करूंहि देऊं नका. मोडलेल्या हाडाचें टोंक सुरीसारखें असतें, आणि त्याच्या लगत रक्तवाहिन्या व मज्जातंतु असतात. नववींतील एका विद्यार्थिनीनें त्या गृहस्थांस नम्रपणें बाजूस केलें, जाड पुट्ठा हाताखालीं सरकविला, दोन रुमालांनीं तो सैलसर बांधिला, आणि ओढणीची झोळी करून हात गळ्यांत अडकविला. मग ती आम्हांस म्हणाली, “सर, आंगठी काढा. आत्तांच काढा.” आम्हीं, “राहूं दे, पुढें पाहूं,” असें म्हटलें. तिनें ऐकलें नाहीं. अर्ध्या तासानें आमचीं बोटें इतकीं सुजलीं कीं ती आंगठी कापावीच लागली असती. आमच्या लग्नाची आंगठी आज अखंड आहे ती त्या मुलीच्या हट्टामुळें. कोणी प्रेमानें चहा पुढें केला तोहि तिनें परत पाठविला. हाड बसवितांना भूल द्यावी लागली तर पोट रिकामें असलेलें बरें, हें तिला ठाऊक होतें.

रुग्णालयांत प्रथम क्ष-किरणांनीं हाताचें चित्र घेतलें. त्यास जांभई देण्याइतकाहि वेळ लागला नाहीं. जर्मनींतील वुर्झबुर्ग येथें विल्हेल्म रंटगेन यांस हे किरण ८ नोव्हेंबर १८९५ रोजीं आढळले, व त्याच वर्षीं २२ डिसेंबरास त्यांनीं आपल्या पत्नीच्या हाताचें चित्र घेतलें; त्यांत हाडें व बोटांतील आंगठी स्पष्ट दिसत होती. पुढच्याच वर्षाच्या आरंभीं अमेरिकेंतील हॅनोव्हर गांवीं एडी मॅकार्थी नांवाचा चौदा वर्षांचा मुलगा गोठलेल्या नदीवर घसरण्याचा खेळ खेळतांना पडला व त्याचें मनगट मोडलें. ३ फेब्रुवारी १८९६ रोजीं त्यास डार्टमथ कॉलेजच्या प्रयोगशाळेंत नेलें, आणि सुमारें वीस मिनिटें हात निश्चल ठेववून त्याच्या मोडीचें चित्र घेतलें. रंटगेन यांचा शोध लागून तीन महिनेहि झाले नव्हते! असें झपाट्यानें होऊं शकलें याचें एक कारण असें कीं रंटगेन यांनीं आपल्या शोधाचा हक्क राखून ठेविला नाहीं. ज्यास पाहिजे त्यानें तो वापरावा असें केलें. पदार्थविज्ञानाचें पहिलें नोबेल पारितोषिक १९०१ सालीं त्यांस मिळालें. त्याची रक्कमहि त्यांनीं आपल्या विद्यापीठास दिली.

हाड बसविल्यावर प्लास्टर घातलें. तें घालीत असतां हातास ऊब लागली तेव्हां आम्हांस आमचाच रसायनशास्त्राचा तास आठवला. जिप्सम तापविलें म्हणजे त्यांतील बरेंचसें पाणी निघून जाऊन पांढरी भुकटी होते. तिला पुन्हां पाणी मिळालें कीं ती तें सामावून घेऊन दगड होते व तसें होतांना उष्णता बाहेर टाकिते. या भुकटीनें माखलेल्या पट्ट्या हाडाभोवतीं गुंडाळण्याची रीत मॅथाइसन या डच लष्करी वैद्यानें १८५२ सालीं प्रसिद्ध केली. त्यापूर्वीं कामट्या व साली वापरीत. परंतु त्या बांधण्याचेंहि शास्त्र होतें. सुश्रुतानें हाड मोडण्याचे बारा व सांधा निखळण्याचे सहा प्रकार सांगितले असून, बंध सैल झाला तर सांधा स्थिर राहत नाहीं व फार आवळला तर सूज व वेदना होऊन भाग पिकतो, असें बजाविलें आहे. थंडींत सातव्या दिवशीं, साधारण ऋतूंत पांचव्या व उन्हाळ्यांत तिसऱ्या दिवशीं बंध सोडून पाहावा, इतकें बारीक त्यानें लिहून ठेविलें आहे. पालकांस येथें एक विनंती. आपल्याकडे हाडवैद्याकडे जाण्याची चाल आहे. कांहींच्या हातास गुण असतो हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु आंवळून बांधलेल्या कामट्यांनीं रक्त कोंडून हात कायमचा अधू होऊं शकतो. बंध कोणीहि बांधलेला असो, रुग्णालयाचें प्लास्टर कां असेना, बोटें गार पडलीं, निळसर दिसूं लागलीं, बधिर झालीं किंवा वेदना कमी होण्याऐवजीं वाढूं लागली, तर सकाळची वाट पाहूं नये. त्याच रात्रीं मुलास परत न्यावें.

प्लास्टरच्या खोलीबाहेर आमच्या शेजारीं एक गवंडी बसला होता. परांचीवरून त्याचा पाय घसरला होता. त्याचा तोच हात, तेंच हाड, त्याच ठिकाणीं मोडलेलें. दोन्ही चित्रें शेजारीं शेजारीं धरलीं असतीं तर नांवें वाचूनच कोणतें कोणाचें हें सांगावें लागलें असतें. त्यानें आम्हांस विचारलें, “मास्तर, किती दिस लागत्यात ओ याला?” सहा आठवडे, असें आम्हीं सांगितलें. त्यानें डाव्या हाताच्या बोटांवर कांहीं हिशेब केला व तो गप्प झाला. थोड्या वेळानें म्हणाला, “तुमचा पगार चालू ऱ्हात आसंल, न्हवं?” आम्हीं होय म्हटलें. “मग बरं हाय,” तो म्हणाला. त्याच्या बोलण्यांत मत्सर मुळींच नव्हता. आमचें तरी निभावेल याचें त्यास खरोखरच बरें वाटलें होतें. इतक्यांत आमचें नांव पुकारलें गेलें व आम्ही आंत गेलों.

त्या रात्रीं झोंप आली नाहीं. आणि आम्ही कृतज्ञ होतों काय? मुळींच नाहीं. तपासावयाच्या सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचा ढीग मेजावर होता, पूर्वपरीक्षा तोंडावर आली होती, आणि फळ्यावर लिहिणारा हात दगडांत बंद झाला होता. ज्याच्याशीं टक्कर झाली त्या मुलास बोलावयाचीं वाक्यें आम्ही अंधारांत मनाशीं जुळवीत होतों. तीं वाक्यें चांगलीं नव्हतीं.

दुसऱ्या दिवसापासून समाचारास येणारांची रीघ लागली. कोणी नाचणीची आंबील आणिली, कोणी पायाचें सूप. प्रत्येकाच्या तोंडीं एकच वाक्य : हातावर निभावलें, देवाचे आभार माना. हें वाक्य प्रेमाचें होतें, तरी त्यानें आमचें मन अधिकच कष्टी होई, आणि कां होई हें ध्यानांत यावयास कांहीं दिवस लागले. ‘डोकें फुटलें नाहीं, हातच मोडला’ एवढ्यावर माणूस सहज थांबत नाहीं. तो पुढें जाऊन ‘अमक्याचें फुटलें, माझें नाहीं’ येथवर पोंचतो. अशा तराजूंत आपलें पारडें जड करावयाचें तर दुसऱ्याचें दुःख वजन म्हणून घालावें लागतें. आमच्यापुरतें बोलावयाचें तर आम्ही त्या गवंड्याचें वजन घालूं लागलों होतों. पगारी रजा, पक्कें घर, हाताखालीं उशी देणारी पत्नी. त्याला यांतलें काय आहे? तेव्हां आपण भाग्यवान! लूकच्या शुभवर्तमानांतील परूशी मंदिरांत उभा राहून जी प्रार्थना करितो ती रूपानें आभाराचीच प्रार्थना आहे, आणि तिच्यांत तो आपणांस शेजारच्या जकातदाराशीं ताडून पाहतो, हें आम्हीं वर्षानुवर्षें शिकविलें आहे. ती प्रार्थना इतकी सहज तोंडांत येते हें मात्र तेव्हां कळलें. गवंड्यानें आमच्याविषयीं बरें मानलें. आम्हीं त्याच्यावरून स्वतःचें बरें मानलें. या दोहोंत अंतर आहे.

मग कृतज्ञ व्हावयाचें तें कशाबद्दल? या काळांत मोडलेलें हाड कसें जुळतें याविषयीं आम्हीं डाव्या हातानें पानें उलटीत पुष्कळ वाचलें, आणि मन हळूहळू वळलें तें त्या वाचनानें. कातडीस मोठी जखम झाली तर ती भरून येते, पण व्रण राहतो. भरून आलेली जागा पूर्वीच्या कातडीसारखी नसते. हाडाचें तसें नाहीं. हाड हाडानेंच जुळतें. मोडतांक्षणीं फुटलेल्या वाहिन्यांतून रक्त गळून दोन टोंकांमध्यें त्याची गांठ होते. ती गांठ म्हणजे घाण नव्हे. तीच पुढच्या कामाची हांक होय. चारदोन दिवसांत निकामी झालेले कण उचलून नेणाऱ्या पेशी तेथें येतात. मागाहून तंतु व कूर्चा यांचा मऊ जोड तयार होतो. दोनतीन आठवड्यांत हा जोड हाडांच्या टोंकांस धरून ठेवूं लागतो. त्यानंतर त्यांत चुन्याचे क्षार बसून तो कठीण होतो. या वेळीं मोडीच्या जागीं हाड मूळच्याहून जाड असतें, गवंडी जोडावर जास्त चुना थापतो तसें. मग शेवटचें व सर्वांत दीर्घ काम सुरू होतें : एक जातीच्या पेशी अधिक झालेलें हाड कोरून काढितात, दुसऱ्या जातीच्या पेशी जेथें भार पडतो तेथें नवें भरितात. हें काम महिनेच्या महिने, कधीं वर्षेंहि चालतें. लहान मुलांत तें इतकें चांगलें होतें कीं पुढें कित्येकदां मोड कोठें होती हें चित्रावरूनहि ओळखत नाहीं.

हें सर्व चाललें होतें त्या पहिल्या रात्रीं, आम्ही रागानें जागे होतों तेव्हां. आमची वृत्ति पाहून तें काम थांबलें नाहीं. वैद्य हाड बसवितो व धरून ठेवितो. जोडीत तो नाहीं. आभार मानल्यावांचून जें आपणांस मिळत असतें तें किती आहे, याची गणती आम्हीं पूर्वीं कधीं केली नव्हती.

वेदनेविषयींहि असेंच. डॉ. पॉल ब्रँड हे तामीळ देशांतील कोल्ली टेंकड्यांवर १९१४ सालीं एका मिशनरी कुटुंबांत जन्मले व १९४६ सालीं वेल्लोर येथें येऊन पुढें कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया करूं लागले. रोग्यांचीं बोटें रोगानें आपोआप झडत नाहींत. मज्जातंतु मेल्यामुळें वेदना कळत नाहीं, म्हणून भाजणें, कापणें, मुरगळणें हें त्यांच्या ध्यानांतच येत नाहीं व त्या न कळलेल्या जखमांनीं बोटें जातात, हें त्यांनीं दाखवून दिलें. वेदना ही देणगी आहे असें ते म्हणत. आमचा हात ठणके तेव्हां ती देणगी आम्हांस गोड लागली असें नाहीं. पण रात्रीं झोपेंत कुशीवर वळतांना जिनें आम्हांस जागें केलें व मोडका हात अंगाखालीं सांपडूं दिला नाहीं, ती वेदनाच होती.

आतां त्या मुलाविषयीं. तो तीन दिवस शाळेंत आला नाहीं. चौथ्या दिवशीं त्याची आई अर्धा डझन गांवठी अंडीं पदराआड घेऊन आमच्या घरीं आली व उंबऱ्याशींच उभी राहिली. “सर, तो जेवत नाहीं हो,” एवढेंच ती बोलली. अंधारांत जुळविलेलीं आमचीं वाक्यें त्या उंबऱ्यावर गळून पडलीं. खरें सांगावयाचें तर चूक अधिक आमचीच होती. झेल घेणारा वर पाहतो, तें त्याचें कामच आहे; धांवणारानें पुढें पाहावयाचें असतें.

सुटीनंतर तो वर्गांत येऊन शेवटच्या बांकावर बसला. आम्हीं गणित बाजूस ठेवून नरी कॉन्ट्रॅक्टर यांची हकीकत सांगितली. १९६२ सालीं ते वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर गेलेल्या हिंदी संघाचे कर्णधार होते, वय अठ्ठावीस. १७ मार्च रोजीं बार्बाडोसच्या संघाशीं खेळतांना चार्ली ग्रिफिथ यांचा चेंडू त्यांच्या उजव्या कानाच्या वर लागून कवटी फुटली. शिरस्त्राणें त्या काळीं नव्हतीं. जीव वांचविण्यासाठीं तांतडीची शस्त्रक्रिया करावी लागली व रक्ताची गरज पडली. तें देण्यास पुढें आले वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल! त्यांच्याबरोबर पॉली उम्रीगर, बापू नाडकर्णी व चंदू बोर्डे यांनींहि रक्त दिलें. उम्रीगर सोलापुरास जन्मलेले पारशी, नाडकर्णी नाशिकचे, बोर्डे पुण्याच्या मराठी ख्रिस्ती घराण्यांतले; आणि वॉरेल साता समुद्रांपलीकडचे. रक्ताच्या पेशी हाडांच्या मगजांतच तयार होतात, हें तुम्हीं आरोग्यशास्त्राच्या पुस्तकांत वाचलेंच आहे. तेव्हां एकाचें फुटलेलें हाड सांभाळावयास इतरांच्या हाडांनीं काम केलें, असें म्हटल्यास तें अक्षरशः खरें आहे. कॉन्ट्रॅक्टर पुन्हां कसोटी सामना खेळले नाहींत. पण बरे झाल्यावर प्रथम श्रेणीचे सामने खेळले. वॉरेल १९६७ सालीं अवघ्या बेचाळिसाव्या वर्षीं वारले. बंगालची क्रिकेट संघटना १९८१ पासून ३ फेब्रुवारीस त्यांच्या नांवानें रक्तदानाचा दिवस पाळीत आली आहे.

इतकें झाल्यावर आम्हीं मुद्दाम आणखी एक गोष्ट सांगितली. कॉन्ट्रॅक्टर यांनीं ग्रिफिथ यांस कधीं दोष दिला नाहीं. समोरच्या इमारतींत कोणीतरी खिडकी उघडली, आपलें लक्ष क्षणभर तिकडे गेलें, चूक आपली, असें ते पुढें अनेकदां सांगत आले. वर्गांत कोणी मागें वळून पाहिलें नाहीं. ही सभ्यता त्या वर्गानें दाखविली. मग आम्हीं शेवटच्या बांकावरील त्या मुलास पुढें बोलाविलें, त्याच्या हातीं खडू दिला, व प्लास्टर निघेपर्यंत फळ्यावर लिहावयाचें काम त्याचें असें सांगितलें. चौथ्याच दिवशीं तो लिहितां लिहितां थांबला व हळूच म्हणाला, “सर, येथें उणें पाहिजे.” आमचेंच चुकलें होतें. त्या दिवशीं तो डबा खाऊन घरीं गेला, असें पुढें त्याच्या आईकडून कळलें.

डाव्या हातानें सही करावयास शिकतां शिकतां आमचीं अक्षरें पहिलीच्या मुलासारखीं पडूं लागलीं. तेव्हांपासून वाईट अक्षरासाठीं आम्हीं कोणास फारसें रागें भरलेलें नाहीं. ज्यांस याचा फायदा झाला आहे त्यांनीं तो मुकाट्यानें घ्यावा.

जानेवारीच्या अखेरीस प्लास्टर कापून काढलें. आंतून निघाला तो हात आमचा वाटेना. बारीक, रोडका, कातडी कोंड्यासारखी सुटत असलेली. त्या गवंड्याचे सहा आठवडेहि त्याच दिवशीं भरत होते. आम्हीं बांकावर बराच वेळ वाट पाहिली. तो आला नाहीं. पट्ट्या कापणाऱ्या मनुष्यास विचारावें तर काय म्हणून विचारावें? आम्हीं त्याचें नांवहि विचारलेलें नव्हतें. त्यानें आमची सर्व चौकशी केली होती. रोजावरचीं माणसें कित्येकदां चार आठवड्यांनींच प्लास्टर घरीं भिजवून काढितात व कामास लागतात, असें त्या मनुष्यानें आपण होऊन सांगितलें. अशा घाईनें हाड वांकडें जुळतें. आतां गांवांत कोठें परांची दिसली कीं आम्ही वर पाहतों.

आमचें मनगट पूर्वीइतकें वळत नाहीं. कुलूप उघडतांना तें जाणवतें. सुरुवातीस मूठ मुळींच मिटत नव्हती. कांहींतरी मऊ वस्तु दिवसांतून अनेकदां दाबीत जा, असें व्यायाम शिकविणाऱ्या बाईंनीं सांगितलें होतें. हें त्या मुलास कसें कळलें कोण जाणे. एके दिवशीं त्यानें आमच्या मेजावर चेंडू आणून ठेविला. तोच चेंडू, त्या दिवशीं झेल म्हणून वर गेलेला. दोन महिने दाबून दाबून त्याच्यावरची लव पार गेली आहे. शाळेच्या क्रीडासाहित्याच्या वहींत तो ‘गहाळ’ म्हणून नोंदलेला आहे, आणि ती नोंद तशीच राहूं द्यावी अशी आमची क्रीडाशिक्षकांस विनंती आहे.